विश्लेषण: जुन्या स्पीडबोटीचं पुढचं झाकण कापून तिथे सीट बसवल्या तर काय होतं?

१९७३ साली आलेल्या 'लिव्ह अँड लेट डाय' या बाँडपटातला एक प्रसंग आजही यूट्यूबवर आवडीनं पाहिला जातो. लुईझियानाच्या दलदलीतल्या कालव्यातून सुसाट निघालेली स्पीडबोट पाण्यातून उडते, रस्ता ओलांडते आणि पलीकडच्या पाण्यात आपटून तशीच पुढे जाते. हा कॅमेऱ्याचा खेळ नव्हता. ऑक्टोबर १९७२मध्ये स्टंटमन जेरी कोमो यांनी 'ग्लास्ट्रॉन जीटी-१५०' ही १५ फुटी बोट ताशी ५६ मैलांच्या (सुमारे ९० किलोमीटर) वेगानं रॅम्पवर घातली आणि ती ११० फूट हवेतून गेली. तो तेव्हाचा विश्वविक्रम होता.

तो प्रसंग पुन्हा पाहिलात तर बोटीच्या पुढच्या भागाकडे लक्ष द्या. चालकासमोरच्या काचेपासून टोकापर्यंत बोट पूर्ण झाकलेली आहे. १९६० आणि ७०च्या दशकात अमेरिकेत विकल्या गेलेल्या कितीतरी फायबरग्लास बोटी अशाच होत्या. त्यातल्या अनेक आजही तिथल्या घरांच्या मागे ताडपत्रीखाली पडून आहेत आणि स्वस्तात मिळतात. अशी बोट घेतलेल्या माणसाच्या डोक्यात हमखास एक कल्पना येते: 'पुढचं झाकण कापलं तर आणखी चार जण बसतील की!'

कटर घेतला तर कापायचं काम एका दुपारचं आहे. पण ते झाकण बोटीत नेमकं काय काम करत होतं, हे कळायला बऱ्याचदा पहिली मोठी लाट यावी लागते. म्हणून आधीच समजून घेऊ.

क्लोज्ड बो आणि ओपन बो म्हणजे काय?

बोटीच्या पुढच्या टोकाला 'बो' म्हणतात. आपल्या कोकणातले खलाशी त्याला नाळ म्हणतात. हा भाग वरून पक्क्या डेकनं झाकलेला असेल, तर ती 'क्लोज्ड बो' बोट. सगळे प्रवासी काचेच्या मागे बसतात आणि डेकखाली दोर, नांगर, लाइफ जॅकेट असं सामान राहतं.

'ओपन बो' किंवा 'बोरायडर' बोटीत काचेच्या मधोमध दार असतं. त्यातून पुढे गेलं की इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या दोन लांबट सीट असतात. उन्हात पाय पसरून बसायला आणि वारा खायला ही सगळ्यात आवडीची जागा. आज अमेरिकेतल्या तलावांवर कुटुंबासाठी घेतल्या जाणाऱ्या बोटींमध्ये ही मांडणी अगदी सर्रास दिसते. उन्हाळ्यात तिथली मराठी कुटुंबं भाड्यानं बोट घेतात, तेव्हाही बऱ्याचदा वाट्याला हीच येते.

जुन्या बोटीची नवी बोट करण्याचा मोह होतो तो यामुळेच. कोणी जुनी जीप उघडी करून घेतं, तसंच हे वाटतं. फरक असा की जीप उघडी केली तर पावसात भिजायला होतं. बोट उघडी केली तर पाणी आत साठतं आणि त्या पाण्याला वजन असतं.

पहिलं काम: आलेलं पाणी परत पाठवणं

पुढचा डेक मध्ये थोडा फुगीर आणि कडांना उतरता असतो. लाट टोकावरून आली तर ती डेकवर चढते, काचेला धडकते आणि दोन्ही बाजूंनी खाली वाहून जाते. बोट क्षणभर जड होते, मग पुन्हा वर येते.

तोच डेक कापून तिथे खड्डा केला, तर लाट त्यात भरते. हिशेब करून पाहू. सव्वा मीटर लांब, सरासरी एक मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल एवढी पुढची बैठक धरली, तर तिच्यात सव्वासहाशे लिटर पाणी मावतं. एक लिटर म्हणजे एक किलो. एका झटक्यात सव्वासहाशे किलो, म्हणजे जवळपास नऊ माणसं बोटीच्या अगदी टोकावर येऊन बसली.

१६-१७ फुटी बोट पाण्यावर साधारण साडेसहा चौरस मीटर जागा व्यापते असं धरू. अशी बोट दर ६५ किलोमागे एक सेंटिमीटर खाली जाते. म्हणजे सव्वासहाशे किलोला ती सरळ राहिली तरी साडेनऊ सेंटिमीटर बसेल. पण ती सरळ राहत नाही. वजन टोकावर असल्यानं ती पुढे झुकते आणि ढोबळ हिशेबानं टोक ३० सेंटिमीटरच्या आसपास खाली जातं. पुढच्या लाटेला आता एक फुटानं कमी चढायचं आहे. दुसरी लाट पहिलीपेक्षा मोठी नसली तरी चालते, ती इथे याचमुळे.

'बिल्ज पंप आहे ना!' असं कोणी म्हणेल. तळात साठलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या या पंपांवर तासाला किती गॅलन हे लिहिलेलं असतं. लहान बोटीत १००० गॅलनचा पंप चांगला मानला जातो. म्हणजे मिनिटाला सुमारे ६३ लिटर, तेही पाइपची लांबी आणि चढ न धरता. सव्वासहाशे लिटर काढायला कागदावर दहा मिनिटं लागतात. दुसरी लाट पाच-सहा सेकंदांत येते.

शिवाय हे पाणी एका जागी थांबत नाही. बोट डावीकडे कलली की सगळं डावीकडे धावतं आणि तिला आणखी कलवतं. ताटात पाणी घेऊन चालून पाहा, लगेच कळेल.

लाट म्हणजे समुद्रच हवा असंही नाही. ५ सप्टेंबर २०२० रोजी टेक्सासमधल्या ऑस्टिनजवळच्या लेक ट्रॅव्हिस या तलावावर ट्रम्प समर्थकांची बोट रॅली निघाली होती. शेकडो बोटी एकत्र चालल्या, त्यांच्या मागे उठलेल्या लाटा एकमेकींत मिसळल्या आणि काही बोटींना तिथेच जलसमाधी मिळाली. ते वादळ नव्हतं. शेजारच्या बोटींनीच केलेलं पाणी होतं.

दुसरं काम: बोट पिळू न देणं

हे समजायला इंजिनीअरिंगची पदवी लागत नाही, बुटाचा रिकामा खोका पुरतो. झाकण काढा आणि दोन टोकं धरून विरुद्ध दिशेनं पिळा. खोका सहज वाकडा होतो. आता झाकण लावून, कडेनं चिकटपट्टी मारून पिळा. हात दुखतील.

स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्सच्या पेपरात हाच प्रश्न नळीच्या रूपात येतो. बंद नळी आणि तीच नळी लांबीत चिरलेली, दोघींना पीळ द्या. नळीची त्रिज्या २० मिलिमीटर आणि जाडी एक मिलिमीटर असेल, तर बंद नळी चिरलेलीपेक्षा १२०० पट ताठ निघते. धातू तोच, वजन तेच. फरक फक्त आकार बंद असण्याचा.

बोटीत खालचं कवच, म्हणजे हल, हा खोका आणि डेक हे झाकण. दोघांचा जोड कडेच्या रबरी पट्टीखाली लपलेला असतो. बोट लाटेवर तिरकी आदळते तेव्हा टोकाला पीळ बसतो आणि दोन्ही बाजू फाकायला पाहतात. डेक त्यांना बांधून ठेवतो. समोरची काच, सुकाणू आणि डॅशबोर्ड यांचा आधारही तोच असतो. तो कापला की पहिल्याच दिवशी बोट मोडत नाही. आधी काचेची चौकट करकरते, मग कडेचे स्क्रू ढिले होतात, मग जेलकोटवर, म्हणजे वरच्या चकचकीत थरावर, केसासारख्या भेगा दिसतात.

भेगा कुठून सुरू होतील हेही सांगता येतं: कापलेल्या भागाच्या कोपऱ्यातून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं घाईघाईनं बांधलेल्या 'लिबर्टी' जहाजांना हाच धडा मिळाला होता. त्यांच्या डेकवर माल उतरवायची तोंडं चौकोनी होती आणि अनेक भेगा त्यांच्या काटकोनी कोपऱ्यांतूनच निघाल्या. थंड पाण्यात ठिसूळ होणारं पोलाद आणि अखंड वेल्डिंग ही कारणंही होतीच. पण कोपरे गोल करून तिथे जादा पत्रा दिल्यावर फरक पडला. १५ फुटी फायबर बोटीलाही तोच नियम लागू होतो. डेक कापायचाच असेल तर कोपरा मोठ्या गोलाईचा हवा.

तिसरं काम: माणसांना पुढे बसू न देणं

हे काम डेक न बोलता करतो. जागाच नसल्यानं कोणी तिथे बसत नाही आणि टोक हलकं राहतं.

टोक हलकं हवं यासाठीच जुन्या क्लोज्ड बो बोटींची पुढची बाजू बऱ्याचदा अरुंद आणि बुटकी केलेली असते. कारखान्यातून ओपन बो म्हणून येणाऱ्या बोटीचं टोक रुंद, भरलेलं आणि कडेनं उंच असतं, कारण तिथे माणसं बसणार हे धरूनच साचा बनवलेला असतो. अरुंद टोकावर ७० किलोची दोन माणसं बसवली, तर आपल्या हिशेबातल्या बोटीचं टोक सुमारे आठ सेंटिमीटर खाली जातं. बोट उभी असताना हे खपून जातं.

खरा धोका वेग कमी करताना असतो. वेगात बोट टोक वर करून पाण्यावर सरकत असते. चालकानं थ्रॉटल एकदम सोडला की टोक खाली पडतं आणि बोटीनंच मागे उठवलेली लाट तिला मागून गाठते. समोरून दुसऱ्या बोटीची लाट आली असेल आणि पुढे तीन-चार जण बसले असतील, तर टोक लाटेवर चढण्याऐवजी तिच्यात घुसतं. म्हणजे आपण पहिल्या कामात पाहिलेले सव्वासहाशे लिटर.

आणि पुढच्या सीटवर बऱ्याचदा मुलं असतात. टोकावरून पाण्यात पडलेलं माणूस बोटीखालून थेट पंख्याच्या दिशेनं जातं, हे विसरून चालणार नाही.

बोटीवरची प्लेट काय सांगते?

अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२नंतर बांधलेल्या २० फुटांखालच्या मोटरबोटींवर 'कपॅसिटी प्लेट' बंधनकारक आहे. बाँडच्या त्या उडीनंतर जेमतेम दोन आठवड्यांनी हा नियम लागू झाला. किती माणसं, त्यांचं एकूण वजन किती, सामान धरून किती आणि आउटबोर्ड बोट असेल तर जास्तीत जास्त किती अश्वशक्तीचं इंजिन, हे प्लेटवर असतं. त्याआधीच्या बोटींवर ती नसूही शकते.

मागच्या बाजूला इंजिन टांगलेल्या आउटबोर्ड बोटींसाठी वजनाचा नियम सोपा आहे. शांत पाण्यात बोट सरळ खाली दाबत न्यायची. पाणी आत येण्याच्या बेतात असताना तिनं जेवढं पाणी बाजूला सारलं असेल त्याचं वजन घ्यायचं. त्यातून बोटीचं स्वतःचं वजन वजा करायचं. उरलेल्याच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार प्लेटवर लिहिता येत नाही. समजा पहिला आकडा २३५० किलो आणि बोट ३५० किलोची, तर उरले २००० आणि कमाल भार ४०० किलो. बाकीचे चार हिस्से लाटा, हालचाल आणि चुका यांच्यासाठी राखून ठेवलेले असतात.

म्हणून 'नव्या सीट बसवल्या म्हणजे क्षमता वाढली' हा हिशेब मुळातच चुकतो. सीट वाढतात, तरंगण्याची ताकद वाढत नाही. उलट पाणी आत शिरायची जागा खाली आली असेल तर ती घटते. चार सीट वाढवलेल्या बोटीतही माणसं पूर्वीइतकीच बसवायची असतात, फक्त जागा बदलून. शिवाय प्लेट कारखान्यातल्या मूळ मांडणीसाठी दिलेली असते. कापलेल्या बोटीला तो आकडा लागू पडेलच असं नाही.

मग असा बदल करायचाच नाही का?

करता येतो आणि काही जण तो नीट करतात. अट एवढीच की झाकणाची तिन्ही कामं दुसऱ्या कोणावर तरी सोपवायला हवीत. क्रम साधारण असा असतो.

१. आधी तपासणी. पन्नास वर्षांच्या बोटीत फायबरच्या आत प्लायवूड असतं आणि ते कुजलेलं असू शकतं. प्लॅस्टिकच्या हातोडीनं ठोकत जायचं. टणक आवाज आला तर ठीक, भदभद आला तर आत ओल आहे. इंजिन पेलणारी मागची भिंत आणि तळातल्या लांब कण्या कुजल्या असतील, तर डेकचा विषय तिथेच थांबवायचा.

२. कापण्याआधी बांधणं. हल अनेक ठिकाणी टेकवायचा, दोन्ही कडांमध्ये लाकडी आडव्या पट्ट्या ठोकायच्या आणि रुंदीची मापं लिहून ठेवायची. नाहीतर कापताच बाजू फाकतात आणि नवं काम त्या वाकड्या आकारावरच पक्कं होतं.

३. कड सोडून कापणं. डेक काठापर्यंत उडवायचा नाही. कडेनं १५ ते २० सेंटिमीटरची पट्टी ठेवायची. ती बाजूंना ताठ ठेवते आणि बाजूनं येणारं पाणीही अडवते. कोपरे गोल.

४. नवा सांगाडा. चालकासमोरच्या दोन्ही कन्सोलखाली आडव्या भिंती उभ्या करून त्या हल आणि तळाला फायबरनं जोडायच्या. सीटचे खोके नुसते स्क्रूनं न बसवता हललाच सांधायचे. खोक्याचं झाकण गेलं, तर आत कप्पे घालून तो ताठ करायचा, असाच हा प्रकार.

५. जोड पक्का करणं. जुन्या पॉलिएस्टर रेझिनवर नवा थर रासायनिकरीत्या एकजीव होत नाही, तो फक्त पकड घेतो. त्यामुळे रंग आणि जेलकोट पूर्ण घासून खालचं काचतंतूंचं कापड दिसेपर्यंत जायचं आणि जोड उतरता करायचा: जाडी एक असेल तर उतार साधारण बारा. इथे इपॉक्सीची पकड पॉलिएस्टरपेक्षा चांगली. काचेची धूळ आणि रेझिनची वाफ यांसाठी योग्य मास्क हवाच, तोंडाला बांधलेला रुमाल चालत नाही.

६. पाण्याची वाट. पुढचा तळ मागे उतरता ठेवायचा, म्हणजे पाणी टोकात न साठता पंपाकडे येईल. पंपाला आपोआप सुरू होणारा फ्लोट स्विच हवा. काचेखालच्या वाटेला घट्ट बसणारं दार आणि पुढच्या बैठकीवर ताणून बसवायचं कव्हर. लाटा असतील तेव्हा दोन्ही बंद.

७. फोमचा हिशेब. बोटीत पाणी भरलं तरी ती तळाशी जाऊ नये म्हणून लहान बोटींच्या पोकळ्यांत फोम भरतात. पुढून १०० लिटर फोम काढला, तर जवळपास ९७ किलोची तरंगण्याची ताकद गेली. तेवढा फोम दुसरीकडे बसवल्याशिवाय बोट पाण्यात घालायची नाही.

८. चाचणी माणसांशिवाय. उथळ, शांत पाण्यात पुढच्या सीटवर पाण्याचे कॅन ठेवत जायचे आणि प्रत्येक टप्प्याला टोकाची पाण्यापासूनची उंची मोजायची. २० लिटरचा कॅन म्हणजे २० किलो, वेगळा वजनकाटा नको.

ही यादी वाचून खर्चाचा अंदाज आला असेल. म्हणूनच अनुभवी माणसं आधी दुसरा पर्याय बघायला सांगतात. अनेक कंपन्या एकाच हलवर क्लोज्ड आणि ओपन अशा दोन्ही मांडण्या विकायच्या. तुमच्या मॉडेलची ओपन आवृत्ती निघाली असेल, तर तो हल पुढचं वजन पेलेल असं मानायला जागा आहे. बऱ्याचदा तीच जुनी ओपन बोट विकत घेणं बदलापेक्षा स्वस्त पडतं. अशी आवृत्ती कधी निघालीच नसेल आणि टोक अरुंद, बुटकं असेल, तर कटर खाली ठेवलेला बरा.

आपल्याकडे याचा काय संबंध?

फायबरच्या जुन्या रनअबाउट कापण्याचा छंद मुख्यतः अमेरिकेतला. पण बोटीत नंतर केलेला बदल काय करू शकतो, हे आपल्या देशानंही पाहिलं आहे. ७ मे २०२३ रोजी केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात तानूर इथे दुमजली पर्यटक बोट उलटून २२ जणांचा मृत्यू झाला. मासेमारीची बोट बदलून ती पर्यटनासाठी वापरली जात होती आणि तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी होते, असं तेव्हा समोर आलं. तिथे डेक कापला नव्हता. पण चूक त्याच जातीची होती: बोट बनली एका कामासाठी, वजन बसलं वेगळ्याच जागी.

आपल्याकडे यांत्रिक बोटींना नोंदणी आणि सर्वेक्षण प्रमाणपत्र लागतं. बोट ज्या अवस्थेत तपासली, त्या अवस्थेचं ते प्रमाणपत्र असतं. म्हणून मालकानं मोठा बदल करण्याआधी सर्वेक्षकाला विचारायला हवं, कापून झाल्यावर नाही.

आणि प्रवाशानं? तारकर्ली असो, तापोळा असो की टेक्सास, स्पीडबोटीत पाय ठेवण्याआधी चार गोष्टी पाहता येतात. किती माणसांची परवानगी आहे, ते कुठे लिहिलं आहे का? पुढच्या बाजूला काच आणि डेक यांच्या कोपऱ्यांत भेगा किंवा ताजे ठिगळ दिसतात का? सगळे बसल्यावर टोक मागच्या भागापेक्षा खाली झुकलं आहे का? झुकलं असेल तर दोघांनी उठून मागे बसायचं, चालकानं सांगायची वाट न बघता.

चौथी गोष्ट लाइफ जॅकेट. अमेरिकी तटरक्षक दलाच्या नोंदीनुसार २०२३मध्ये तिथे हौशी बोटिंगच्या अपघातांत ५६४ जणांचा मृत्यू झाला. ज्यांच्या मृत्यूचं कारण कळलं, त्यांतले सुमारे ७५ टक्के बुडून गेले आणि बुडालेल्यांपैकी ८७ टक्के लोकांनी जॅकेट घातलेलं नव्हतं. पुढच्या सीटवर मूल बसणार असेल, तर बोट सुटण्याआधी त्याच्या जॅकेटचे पट्टे स्वतःच्या हातानं ओढून बघा. आणि समोरून मोठी लाट दिसली, तर त्याला उठवून मागे, तुमच्याजवळ घ्या.